बी.एस.डब्ल्यू.ची तीन वर्षे: प्रवेशाच्या फॉर्मपासून क्षेत्रकार्याच्या वहीपर्यंत

बारावीनंतर समाजकार्याच्या पदवीला, म्हणजे बी.एस.डब्ल्यू.ला (बॅचलर ऑफ सोशल वर्क), येणाऱ्यांत दोन प्रकार ठळक दिसतात. एक, ‘लोकांसाठी काहीतरी करायचंय’ म्हणून येणारे. दुसरे, बाकी कुठे नंबर लागला नाही म्हणून येणारे. पहिल्या सत्रात दोघांचाही सारखाच गोंधळ उडतो, कारण हा बी.ए.सारखाच अभ्यासक्रम, फक्त फिरणं जरा जास्त, अशी दोघांचीही समजूत असते. प्रत्यक्षात आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात किंवा ग्रामपंचायतीत जातात. त्या दोन दिवसांची वही हेच या पदवीचं खरं पाठ्यपुस्तक. म्हणून या लेखात पेपरांबद्दल थोडं आणि क्षेत्रकार्याबद्दल, म्हणजे सगळे ज्याला फिल्डवर्क म्हणतात त्याबद्दल, भरपूर आहे.

प्रवेशाआधी

कोणत्याही शाखेतून बारावी झाली असेल तर चालतं. अभियांत्रिकी-फार्मसीसारखी राज्याची सीईटी इथे नाही. महाविद्यालय किंवा विद्यापीठ बारावीच्या गुणांवर प्रवेश देतं, काही ठिकाणी सोबत मुलाखत किंवा गटचर्चा असते. मुलाखतीत ‘समाजसेवेची आवड आहे’ एवढंच सांगणारे शंभर असतात. आपल्या गावातली किंवा गल्लीतली एक अडचण, ती कोणाला सोसावी लागते आणि ती सोडवायचं काम कोणत्या कार्यालयाचं, हे तीन वाक्यांत सांगता आलं तर पुरतं.

कागद नेहमीचेच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. तिथे सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते आधार बँक खात्याशी न जोडल्यामुळे. हे काम जूनमध्येच उरका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

वकिलांना बार कौन्सिल असते, तशी समाजकार्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे महाविद्यालयाचा दर्जा तपासायचं काम तुमच्यावरच पडतं. ते ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, त्या विद्यापीठाच्या यादीत बी.एस.डब्ल्यू.साठी त्याचं नाव आहे का, हे आधी बघा. मुंबईत १९५५ पासूनचं निर्मला निकेतन, नागपुरात तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय किंवा मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था अशी जुनी नावं आहेत. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात समाजकार्य महाविद्यालयं बरीच आहेत. त्यांतल्या अनेकांना अनुदान उच्च शिक्षण विभागाऐवजी सामाजिक न्याय विभागाकडून येतं. अनुदानित आणि विनाअनुदानित यांच्या शुल्कात मोठा फरक असतो, तेव्हा ते सरळ विचारून घ्या.

इमारत बघण्याआधी कार्यालयात आणि त्याहून जास्त दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चार गोष्टी विचारा. आठवड्याला फिल्डवर्कचे तास किती? एका पर्यवेक्षकाकडे, म्हणजे सुपरवायझरकडे, किती विद्यार्थी असतात? गेल्या वर्षी विद्यार्थी कोणकोणत्या संस्थांत गेले? आणि अहवाल परत मिळतात का, तेही शेरा लिहून? चौथ्या प्रश्नावर मुलं एकमेकांकडे बघून हसली, तर त्या महाविद्यालयाबद्दल कळायचं ते कळलं.

अभ्यासक्रमाचा सांगाडा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी तीन वर्षांची, ऑनर्स हवी असेल तर चार वर्षांची. एका सत्राला साधारण २२ श्रेयांक धरले तर तीन वर्षांचे १३२ होतात. वर्गातल्या एका श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला ३० तास असा हिशेब आहे. म्हणजे ४ श्रेयांकांचं फिल्डवर्क म्हणजे सत्रात १२० तास. आपल्या अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि हा आकडा स्वतः काढा, कारण हजेरीचा वाद सत्राच्या शेवटीच निघतो.

विषयांत समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्राची तोंडओळख, सामाजिक कायदे, मानवी वाढ व विकास असतं. मधोमध सहा पद्धती: व्यक्तिसहाय्य कार्य म्हणजे केसवर्क, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि सामाजिक कृती. पुस्तकागणिक मराठी संज्ञा बदलतात. कुठे ‘व्यक्तिसहयोग’, कुठे ‘वैयक्तिक समाजकार्य’. घाबरू नका, वहीच्या शेवटच्या पानावर आपला शब्दकोश करत राहा. परीक्षेत एकच संज्ञा शेवटपर्यंत वापरा.

इतिहासाच्या पेपरात एक भेद नीट समजून घ्या. फुले दाम्पत्य, महर्षी कर्वे, पंडिता रमाबाई यांचं काम समाजसुधारणेचं. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली, ते संस्था उभारणीचं काम. प्रशिक्षण घेऊन, पद्धत वापरून, नोंद ठेवून केलेलं व्यावसायिक समाजकार्य आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कपासून मोजतात. नागपाड्याच्या वस्तीतल्या कामातून ती शाळा निघाली आणि तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. समाजसुधारणेच्या तुलनेत व्यावसायिक समाजकार्य श्रेष्ठ असं कोणी म्हणत नाही. पण उत्तरपत्रिकेत दोन्ही एकाच परिच्छेदात कालवले, तर गुण जातात.

फिल्डवर्कचा पहिला महिना

सुरुवातीला ओरिएंटेशन व्हिजिट, म्हणजे ओळखीच्या भेटी, असतात: बालगृह, वृद्धाश्रम, मतिमंद मुलांची शाळा, पंचायत समिती, एखादी स्वयंसेवी संस्था. या सहलींसारख्या वाटतात, म्हणून वाया जातात. प्रत्येक भेटीत पाच गोष्टी टिपा: संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, पैसा कुठून येतो, लाभार्थी तिथे कोणाच्या आदेशाने किंवा शिफारशीने येतो, कर्मचारी किती व कोणत्या पदांवर, आणि लाभार्थी बाहेर कसा पडतो. शेवटचा प्रश्न मुलं विसरतात. बालगृहातलं मूल तिथे बालकल्याण समितीच्या आदेशाने येतं आणि समितीच्या आदेशानेच जातं, एवढं कळलं की बाल न्याय कायद्याचं निम्मं प्रकरण समजलं.

मग प्लेसमेंट मिळते, म्हणजे फिल्डवर्कसाठी एक संस्था किंवा कार्यालय ठरवून दिलं जातं. त्यालाच एजन्सी म्हणतात. महाविद्यालयाचं पत्र घेऊन पहिल्या दिवशी एजन्सीत जाताना ओळखपत्र, पत्राची पोच घ्यायला दुसरी प्रत, साधी शंभर पानी वही, पाण्याची बाटली आणि डबा एवढं पुरे. एस.टी.चा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय या मार्गाचा असतो. फिल्डवर्कची जागा वेगळ्या दिशेला असली तर भाडं खिशातून जातं. आठवड्याला किती लागतील ते आधी काढा आणि परवडत नसेल तर प्लेसमेंट ठरण्यापूर्वीच सुपरवायझरांना सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. डिसेंबरात गैरहजेरी लागल्यावर सांगितलं, तर ती सबब वाटते.

एजन्सीत पहिल्याच आठवड्यात एक गडबड होते. कर्मचारी कमी असतात, समोर शिकलेली दोन मुलं आलेली असतात, मग रजिस्टर भरणं, ऑनलाइन एंट्री, फोटो काढणं ही कामं त्यांच्याकडे येतात. थोडी करावीतच, कार्यालयाचा विश्वास बसतो. पण महिनाभर तेच चाललं, तर एजन्सीशी भांडू नका. अहवालात तास लिहा: ‘४ तास डेटा एंट्री, १ तास गृहभेट’. पुढचं बोलणं सुपरवायझर करतील. तासांचा आकडा समोर असला की त्यांनाही बोलता येतं.

गृहभेट

वस्तीत जायची वेळ वस्ती ठरवते. नळाला पाणी येतं ती वेळ, रेशन वाटपाचा दिवस, मजूर अड्ड्यावरून परतायची वेळ आधी कळून घ्या. पाण्याच्या वेळेला दार ठोठावलं की माणसं ‘नंतर या’ म्हणतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते. गावात सुगीच्या दिवसांत दुपारी घरात फक्त म्हातारी माणसं सापडतात. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर पहिली फेरी मारा. दुसरी मात्र त्यांच्याशिवाय, कारण त्यांच्यासमोर लोक त्यांच्याबद्दल बोलत नाहीत.

बोलताना वयाने मोठ्या बाईंना मावशी, काकू, आजी. पुरुषांना काका, दादा, भाऊ. अरे-तुरे कोणालाच नाही, कचरा वेचणाऱ्या बारा वर्षांच्या मुलालाही पहिल्या भेटीत नाही. पहिल्या भेटीत जात, उत्पन्न आणि नवऱ्याची दारू हे तीन प्रश्न विचारू नयेत. चौथ्या भेटीत ते न विचारता समजतात. वही उघडून बसू नका. दोन-चार शब्द टिपायचे तर ‘लिहून घेऊ का?’ असं विचारा.

तीन चुका हमखास होतात. ‘मी तुमचं काम करून देतो’ हे आश्वासन. खिशातून पन्नास-शंभर रुपये देणं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या चार घरांना ते माहीत असतं आणि तुमची ओळख पैसे देणारे सर अशी होते. आणि स्वतःचा मोबाइल नंबर वाटणं. एजन्सीचा नंबर द्या. तुम्ही मार्चमध्ये निघून जाल, एजन्सी तिथेच असेल.

आणखी एक. ‘सर्व्हे करून जाता, पुढे काय?’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच. त्यावर खरं उत्तर एकच: मी विद्यार्थी आहे, इतके महिने इथे येणार आहे, यातलं एवढं करू शकतो आणि एवढं नाही. लोकांना ते चालतं. गोड बोलणं चालत नाही, ते त्यांनी पुष्कळ ऐकलेलं असतं.

अहवाल: इथेच पदवी घडते किंवा बिघडते

ढोबळ अहवाल असा असतो: ‘आज वस्तीत गृहभेटी दिल्या. लोकांशी संवाद साधला. त्यांच्या समस्या जाणून घेतल्या. योग्य ते मार्गदर्शन केले. खूप काही शिकायला मिळाले.’ हा मजकूर कोणत्याही तारखेला, कोणत्याही वस्तीला, कोणत्याही विद्यार्थ्याला चालतो. म्हणूनच तो निरुपयोगी.

आता त्याच दिवसाची दुसरी नोंद बघा: ‘दु. २.१० ते २.५०. श्रीमती “क”, वय अंदाजे ३५, पतीचे निधन, दोन मुली. बोलणे उंबऱ्यावर झाले. निराधार अनुदानाबद्दल विचारले असता म्हणाल्या, “मागच्या वर्षी पण एक ताई कागद घेऊन गेल्या.” त्यानंतर काही वेळ बोलल्या नाहीत. मी लगेच योजनेची माहिती सांगू लागलो. थांबायला हवे होते. निघताना त्यांनी स्वतःहून रेशन कार्ड दाखवले. त्यात पतीचे नाव अजून आहे. पुढील भेट: मृत्यू दाखला आहे का, पाहणे.’

फरक भाषेचा नाही. दुसऱ्या नोंदीत वेळ आहे, बाईंचे शब्द त्यांच्याच तोंडचे आहेत, न बोललेलं नोंदवलं आहे, विद्यार्थ्याने आपली घाई पकडली आहे आणि पुढचं पाऊल ठरलं आहे. या पाच गोष्टी प्रत्येक अहवालात आहेत का, एवढं तपासलं तरी वर्षअखेरीस वही सुधारलेली दिसेल.

लिहिताना पान उभं दुमडा. डावीकडे घडलं-बोललं ते, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं आणि का. ‘घर अस्वच्छ होते’ हे उजवीकडेही लिहू नका. ‘दहा बाय दहाची खोली, सहा माणसे, मोरी आतच, खिडकी नाही’ हे डावीकडे लिहा. ‘पालक मुलांकडे दुर्लक्ष करतात’ याऐवजी ‘आई पहाटे ५ ला धुण्याभांड्याला जाते, वडील वॉचमन, रात्रपाळी’ असं. मत लिहायला सोपं असतं आणि पुढच्या कामाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

नावाऐवजी अक्षर वापरा. पत्ता, शाळेचं नाव, ओळख पटेल अशी खूण नको. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ आणि पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम २३ प्रमाणे बालकाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. बालगृहातल्या मुलांबरोबरचा सेल्फी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकणं हेही त्यातच येतं. दरवर्षी कोणीतरी टाकतंच.

अहवाल त्याच रात्री लिहा. दोन दिवसांनी बाईंचे शब्द जातात आणि तुमचे शब्द त्यांच्या तोंडी बसतात. आय.सी. म्हणजे सुपरवायझरबरोबरची वैयक्तिक चर्चा, तिच्या आदल्या रात्री चार अहवाल एका बैठकीत उतरवणारे लगेच ओळखू येतात: चारही दिवशी शाई एकच आणि हवामानही एकच. आय.सी.ला रिकाम्या हाताने जाऊ नका, एक प्रश्न घेऊन जा. ‘त्या गप्प झाल्या तेव्हा मी काय करायला हवं होतं?’ अशा प्रश्नावर अर्धा तास चर्चा होते. ‘सर, सगळं ठीक आहे’ यावर दोन मिनिटं.

एक केस, शेवटपर्यंत

वरच्या नोंदीतलीच केस पुढे नेऊ. केसवर्क पुस्तकात अभ्यास, निदान, उपचार अशा पायऱ्यांनी येतं. तालुक्याच्या गावी ते बहुतेक कागदांच्या रूपात येतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अशा विधवा बाईंना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. मर्यादा किती खाली आहे ते दिसतंच आहे, आणि बहुतेक अर्ज इथेच अडतात. तलाठ्याचा अहवाल, मग तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, पतीचा मृत्यू दाखला, रेशन कार्ड, आधार जोडलेलं पासबुक, फोटो. अर्ज तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत.

अर्ज कुठे तुटतो ते आधी बघून ठेवा. आधारवर ‘सुमनबाई’, रेशन कार्डावर ‘सुमन’, पासबुकावर माहेरचं नाव, असं नेहमीच असतं. ते आधी जुळवून घ्या. मृत्यूची नोंद वर्षाच्या आत झाली नसेल तर ग्रामसेवक सरळ दाखला देऊ शकत नाहीत, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे काम दोन-तीन महिने खातं, तेव्हा पहिल्याच महिन्यात तपासा. मूळ कागद कधीही स्वतःजवळ ठेवू नका. झेरॉक्स घ्या आणि मूळ प्रत तिथेच परत करा. ‘एक ताई कागद घेऊन गेल्या’ ही तक्रार अशीच जन्माला येते. अर्ज दिल्याची पोच आणि क्रमांक बाईंकडे राहू द्या, आपल्या वहीत फक्त नोंद ठेवा.

खिडकीवर अर्ज बाईंनीच द्यायचा, तुम्ही बाजूला उभं राहायचं. यात वेळ दुप्पट जातो. पण पुढच्या वर्षी हयातीचा दाखला द्यायला त्यांनाच यायचं आहे. स्वयंनिर्णय, म्हणजे ज्याचा निर्णय त्यानेच घेणं, हे तत्त्व केसवर्कवर लिहिणाऱ्या फेलिक्स बिस्टेक यांच्या सात तत्त्वांत वाचलेलं असतं. ते नेमकं या खिडकीपाशी कळतं.

दवाखान्यात प्लेसमेंट असेल तर हीच शिस्त, कागद वेगळे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, गाठायचं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, त्याची चौकशी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे करायची. नातेवाईक बिल हातात पडल्यावर विचारतात, तोवर उशीर झालेला असतो. भरती होतानाच रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला मागवून ठेवायचा.

अंगणवाडीत असाल तर दंडाचा घेर मोजायची पट्टी वापरायला शिका. वय ६ ते ५९ महिने. ११.५ सें.मी.पेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून, पट्टी घट्ट न आवळता. बाही वर सारून मोजली तर दंडाला फास बसतो आणि आकडा चुकतो, म्हणून हात बाहीतून काढा. मूल लाल पट्ट्यात आलं तर आईला तिथल्या तिथे ‘कुपोषित’ म्हणू नका. सेविकेला आणि आशाताईंना सांगा, पुढची तपासणी त्या करून घेतात.

जिथे थांबता येत नाही

विद्यार्थी असलात तरी काही गोष्टी पुढच्या आय.सी.पर्यंत थांबत नाहीत. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. त्याच दिवशी सुपरवायझर आणि एजन्सीप्रमुखांना सांगा. त्यांना सांगितलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं मात्र नाही. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते वचन पाळता येत नाही.

बालविवाहाची कुणकुण लागली तर गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवरही कळवता येतं. कौटुंबिक हिंसाचाराचं तसं नाही. प्रौढ बाईंची इच्छा नसताना तुम्ही पोलिसांकडे धावलात, तर रात्री मार तिला पडतो. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक, संरक्षण अधिकारी आणि हिंसाग्रस्त बायकांसाठीचं सखी केंद्र कुठे आहे ते सांगा, निर्णय तिचा. जिवाला धोका दिसत असेल तर मात्र लगेच वरिष्ठांना. आत्महत्येचं कोणी बोललं तर विषय बदलू नका, एकटं सोडू नका, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ सांगा. हे सगळे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मोबाइलची बॅटरी संपते.

ग्रामीण शिबिर

साधारण सात ते दहा दिवसांचं निवासी शिबिर असतं, बहुधा हिवाळ्यात. बंधारा, शोषखड्डे, प्रभातफेरी, पथनाट्य हे सगळं होतं. शिकण्यासारखं जास्त असतं ते गावाचा अभ्यास लोकांकडून करून घेण्यात. गावनकाशा जमिनीवर रांगोळीने काढतात, घरांसाठी बिया किंवा खडे. शिवारफेरी. कोणत्या महिन्यात काम, कोणत्या महिन्यात उसनवारी आणि आजार, याचा ऋतुमान तक्ता. गावाला कोणती संस्था किती महत्त्वाची आणि किती जवळची, हे दाखवणारी चपाती आकृती: मोठी चपाती म्हणजे महत्त्वाची, लांब ठेवलेली म्हणजे न पोचणारी. बँक बहुतेकदा मोठी आणि लांब असते.

नकाशा सरपंचांच्या अंगणात काढला की गावकुसाबाहेरची वस्ती नकाशात येतच नाही. म्हणून तोच नकाशा दुसऱ्या दिवशी त्या वस्तीत, बायकांकडून पुन्हा काढून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. जी.सी.मध्ये, म्हणजे गटचर्चेत, तीन तास पुरेल एवढा मजकूर त्या फरकात असतो. आणि रांगोळी तुम्ही हातात धरू नका. विद्यार्थ्याने रेघ मारली की गावकरी मागे सरकतात आणि ‘छान काढलं’ म्हणतात.

राहण्याचं पथ्य: शाळेत मुक्काम असेल तर मुलांची वर्ग भरायची वेळ पाळा, शौचालयाची आणि पाण्याची सोय शिबिराआधीच्या भेटीत स्वतः बघा, मुलींच्या खोलीची कडी तपासा. स्वयंपाकाला गावातल्या बचत गटाला सांगितलं तर पैसा गावात राहतो. कोणाच्या घरी चहा घेतला आणि कोणाच्या घरी टाळला, याची नोंद गाव ठेवतं.

प्लेसमेंट संपवताना

मार्चच्या शेवटच्या दिवशी केक कापून निघून जाण्याची पद्धत पडली आहे. त्याआधी चार आठवडे सांगायला लागा, विशेषतः बालगृहातल्या मुलांना. त्यांना सोडून गेलेली माणसं आधीच पुष्कळ असतात. प्रत्येक केससाठी एक पानाचं हस्तांतरण टिपण करा: काय झालं, काय अडलं, कोणता अर्ज कोणत्या तारखेला कुठे दिला, पुढची पायरी काय. एक प्रत एजन्सीला, एक सुपरवायझरांना. पुढच्या जुलैत येणाऱ्या विद्यार्थ्याला हे पान मिळालं, तर उंबऱ्यावरचा तो संवाद पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही.

परीक्षा आणि तोंडी

लेखी परीक्षेत सगळ्यांची उत्तरं सारखीच असतात, कारण नोट्स सारख्याच असतात. तत्त्व लिहून झालं की त्याखाली आपल्या फिल्डवर्कमधली चार ओळींची घटना लिहा. तोंडी परीक्षेत परीक्षक वही उघडून मधलंच पान काढतात आणि ‘इथे तुम्ही असं का केलंत?’ असं विचारतात. दुसऱ्याची वही बघून लिहिलेल्याला इथे उत्तर सुचत नाही. जेनोग्राम, म्हणजे कुटुंबातल्या नात्यांची आकृती, काढला असेल तर खुणा पाठ ठेवा: पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ, निधन झालं असेल तर त्यावर फुली.

पदवीनंतर

नुसत्या बी.एस.डब्ल्यू.वर स्वयंसेवी संस्थांत क्षेत्र कार्यकर्ता, प्रकल्प सहाय्यक, समुदाय संघटक अशी कामं मिळतात. सरकारी दवाखान्यातला वैद्यकीय समाजसेवक, अनेक ठिकाणचे समुपदेशक यांना बहुतेक जाहिरातींत एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मागतात. मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी लागतो, तिथेही तेच. त्यामुळे दोन वर्षं आणखी शिकायची तयारी असेल, तर तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच ठरवा. टाटा संस्थेसारख्या ठिकाणी पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज तुमच्या शेवटच्या परीक्षेच्या बरेच आधी निघतात.

नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सबरोबर एक पान जोडा: कोणत्या सत्रात कोणती एजन्सी, किती तास, किती गृहभेटी, किती अर्ज शेवटास गेले. आकडे वहीतूनच काढा. मुलाखत घेणारा त्यातलीच एक केस विचारतो. अर्ज भरताना जाहिरातीतली शैक्षणिक अर्हता शब्दशः वाचा. ‘समाजकार्यातील पदवी’ आणि ‘सामाजिक शास्त्रातील पदवी’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि छाननीत बाद होणारे बरेच अर्ज याच दोन शब्दांवर बाद होतात.